लांडोरखोरी वनोद्यान: फिरायला आणि धावायला येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव शहरालगत, मोहाडी रस्त्यावर असलेले लांडोरखोरी वनोद्यान हे मुळात वनविभागाचे रान आहे. त्यात फिरण्यासाठी वाटा आहेत आणि पहाटे नित्याने येणाऱ्यांची वर्दळही असते. पण पालिकेच्या बागेसारखी हिरवळ, कारंजी आणि कातरून सारखी केलेली मेंदीची कुंपणे पाहायला जो येईल, त्याची निराशा होईल. नव्याने येणारी मंडळी फाटकावर, वाटेवर आणि परतताना चहाच्या टपरीवर जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे जरा सविस्तर दिली आहेत.

तेथे पोहोचावे कसे?

जळगाव रेल्वे स्थानक किंवा बसस्थानकापासून रिक्षा करता येते. रिक्षावाल्याला उद्यानाचे नाव सांगूनही उलगडा झाला नाही, तर मोहाडी रस्ता सांगावा. पहाटे साडेपाचला मात्र रिक्षा मिळेलच याचा भरवसा धरू नये. त्या वेळी स्वतःची दुचाकी किंवा सायकल बरी. भुसावळ किंवा एरंडोलकडून येणाऱ्यांनी राष्ट्रीय महामार्ग ५३ ने शहरात येऊन मग मोहाडी रस्ता धरावा. मेहरूण तलावही शहराच्या याच अंगाला आहे. त्यामुळे एक दिवस तलावाकाठच्या सपाट वाटेवर आणि एक दिवस रानातल्या चढउतारावर असा क्रम ठेवता येतो, आणि पायांच्या दृष्टीने तो फार चांगला आहे.

प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क किती?

वेळा ऋतूनुसार आणि शुल्क वेळोवेळी बदलते, म्हणून फाटकावरील फलक पाहावा आणि नेहमी येणाऱ्यांनी पासची चौकशी तेथेच करावी. फाटक बंद असताना कुंपणावरून किंवा तारेखालून आत शिरणे हा वनकायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे धावण्याच्या हौसेपोटी अंधारात येणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

वर्षातील कोणता काळ सर्वांत चांगला?

धावण्यासाठी म्हणून विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खान्देशात उन्हाळा जितका कडक, तितकी थंडीही बोचरी असते. डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा कधी कधी १० अंशांच्या खाली उतरतो आणि सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहाटे फार लवकर येण्यात काही अर्थ नसतो. सकाळी सात ते साडेआठ हा वेळ या दिवसांत उत्तम. कानटोपी आणि पातळ जर्किन घालून यावे आणि अंग तापले की काढून कमरेला बांधावे.

केवळ रान पाहायचे असेल, तर माझे मत वेगळे आहे. मिरगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात यावे. जमीन ओली पण चिखल झालेला नाही, गवत घोट्याएवढे, आणि नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ झाडीतून सारखी ऐकू येते. हा पक्षी पावसाळ्यात वीण घालण्यासाठी आपल्याकडे येतो आणि नंतर दक्षिणेकडे जातो, म्हणून हिवाळ्यात येऊन त्याला शोधण्यात श्रम घालवू नयेत.

ऑगस्ट-सप्टेंबरात गवत कमरेएवढे होते. तेव्हा मुख्य वाट सोडू नये.

एप्रिल आणि मे यांच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

उन्हाळ्यात सगळी झाडे वाळलेली दिसतात. देखभाल होत नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि बहुधा तक्रारीच्या सुरात विचारला जातो. झाडे वाळलेली नसतात. त्यांनी पाने टाकलेली असतात. जळगाव जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उरलेले आठ महिने झाडाला जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर काढावे लागतात. त्यात रानातली जमीन मुरमाड आणि उथळ. खाली काळा बेसाल्ट. पानांमधून पाण्याची सतत वाफ होत असते, आणि मार्चनंतरच्या उन्हात ती इतक्या वेगाने होते की तेवढे पाणी मुळांना ओढून देता येत नाही. अशा वेळी झाड पानेच टाकून देते, म्हणजे पाणी उडण्याचे दार बंद होते. शास्त्रीय भाषेत याला शुष्क पानझडी वन म्हणतात, आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत तापी-गिरणेच्या खोऱ्यातले मूळचे रान याच जातीचे आहे.

सगळी झाडे एकाच वेळी उघडी होत नाहीत, हेही पाहण्यासारखे आहे. मोई आणि सालई लवकर पाने टाकतात. खान्देशाचे खास झाड म्हणावे असा अंजन थंडीत पाने गाळतो आणि पावसाची वाट न पाहता भर उन्हाळ्यात तांबूस कोवळी पालवी काढतो. त्याची मुळे खडकाच्या भेगांतून खोल जातात म्हणून त्याला ते परवडते. अंजनाचे लाकूड भारतातील सर्वांत जड आणि कठीण लाकडांत गणले जाते आणि त्याचा पाला दुष्काळात गुरांना आधार असतो. कडुनिंब तर चैत्रात, म्हणजे सगळीकडे भगभग सुरू असताना, हिरवागार होतो. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकून फुलतो. त्या दिवसांत एखाद्या फुललेल्या पळसाखाली सकाळी दहा मिनिटे उभे राहिले, तर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर आणि कोतवाल मधासाठी कसे भांडतात ते दिसते. फुलात चोच घालून बाहेर काढलेल्या साळुंकीच्या कपाळावर पिवळे पराग चिकटलेले असतात, आणि ती तशीच पुढच्या फुलावर जाते. पळसाचे परागीभवन मुख्यतः पक्ष्यांकडून होते ते असे.

तेव्हा मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांना ‘आमच्याकडे सगळे जळून गेले’ असे सांगू नये.

मग पाचोळा तरी झाडून एकत्र पेटवून का देत नाहीत?

पाचोळा ही त्या जमिनीची पुढच्या वर्षीची तरतूद आहे. तो ऊन अडवतो, पावसाचे पहिले थेंब मातीवर आदळू देत नाही, आणि वाळवीच्या मदतीने त्याची माती होते. तित्तर, लावे आणि लांडोर आपला बराचसा चारा पाचोळा पायाने उकरूनच शोधतात. तो पेटवला तर माती उघडी पडते, गवताचे बी आणि झाडांची रोपे जळतात आणि उरलेली राख पहिल्या वळवाबरोबर नाल्यात जाते.

मात्र हाच पाचोळा आणि वाळलेले गवत ठिणगीला फार लवकर पेट घेते. वनविभाग राज्यभर फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वणव्याचा म्हणून धरतो आणि त्याआधी जाळरेषा काढतो, म्हणजे गवत काढून किंवा नियंत्रित रीतीने जाळून मोकळे पट्टे तयार करतो. हे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे आहे. अशा पट्ट्यावरची जळकी जमीन पाहून वणवा लागल्याची ओरड करण्याचे कारण नाही. पण धूर किंवा ज्वाळा दिसल्यास फाटकावर लगेच सांगावे किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. विडी-सिगारेट आणि आगपेटी आत आणू नये. ‘एकच झुरका’ मारणाऱ्या मंडळींना हे पटवणे अवघड जाते, तरी सांगावे.

वाटा कशा आहेत? कोणते बूट घालावेत?

रानातल्या वाटेवर मुरूम, माती, अधूनमधून उघडे दगड आणि थोडा चढउतार असतो. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यापेक्षा अशी वाट गुडघ्यांना सोसते, पण घोट्याची परीक्षा पाहते. त्यामुळे टाच फार उंच नसलेले, तळाला खाचा असलेले आणि पुढे बोटांपाशी थोडी जागा असलेले बूट घ्यावेत. महागडेच हवेत असे नाही. झिजून गुळगुळीत झालेला तळ मात्र मुरमाच्या उतारावर हमखास घसरवतो.

चप्पल घालून फिरायला येणाऱ्यांना दोन गोष्टींचा त्रास होतो. एक म्हणजे सराटा: जमिनीसरशी पसरणाऱ्या या वेलीचे काटेरी फळ पातळ तळातून सरळ आत जाते आणि सायकलचे टायरही पंक्चर करते. दुसरे म्हणजे कुसळ. पावसाळा सरता सरता कुसळी गवत पिकते आणि त्याची पिळदार शेपटीची बीजे मोज्यांत, नाडीत, पायजम्याच्या कडेत घुसून बसतात. कुसळाची शेपटी ओलाव्याने उलगडते आणि वाळली की पुन्हा पिळते, आणि असे करत बी स्वतःला जमिनीत रोवून घेते. तुमच्या मोज्यातही ते नेमके हेच करते, म्हणून धुतल्यावर आणखी खोल गेलेले सापडते. मोजे धुण्याआधी कोरडे असतानाच कुसळे उपटावीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लोकरी मोज्यांऐवजी गुळगुळीत कापडाचे मोजे घातले, तर निम्मा त्रास वाचतो.

पाऊस पडून गेल्यावर जेथे काळी माती आहे, तेथे बुटाला किलोभर चिखल लागतो. त्या दिवशी धावू नये, चालावे.

मी पूर्वी कधीच धावलो नाही. सुरुवात कशी करावी?

चालण्यापासून. पहिले तीन-चार आठवडे रोज अर्धा तास भरभर चालावे, आणि ते अंगवळणी पडले की मध्ये मध्ये एक मिनिट हळू पळून दोन मिनिटे चालावे. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटू लागले, तर वेग जास्त झाला असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाची आहे, आणि ती केवळ चालूनही पुरी होते. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा छातीत दुखण्याचा इतिहास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच पळायला लागावे. एखाद्या हिवाळी स्पर्धेत मित्रांच्या आग्रहाने नाव नोंदवून पंधरा दिवसांत १० किलोमीटरची तयारी करण्याचा मोह टाळावा.

पोलीस भरतीची किंवा अग्निवीर भरतीची तयारी येथे करता येईल का?

काही प्रमाणात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. यांतला दम वाढवण्याचा भाग रानातल्या वाटेवर फार चांगला होतो. आठवड्यातून दोन दिवस चाळीस मिनिटे सावकाश आणि सलग पळावे. एक दिवस लहानसा चढ निवडून तो जोरात चढावा आणि चालत उतरावा. चढावर मांडीचा आणि पोटरीचा जो जोर तयार होतो, तो सपाट मैदानावर शेवटच्या फेरीत कामाला येतो.

वेळ मोजण्याचा सराव मात्र येथे करू नये. मुरमावर पाय किंचित मागे सरकतो, वळणांवर वेग तुटतो, आणि मोबाइलमधील जीपीएस झाडीखाली अंतर कमी-जास्त दाखवते. या तिन्हींमुळे रानातली वेळ आणि मैदानावरची वेळ यांची तुलना होत नाही. ‘रानात सहा मिनिटांत होते’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या मुलाचे गणित चारशे मीटरच्या ट्रॅकवर चुकू शकते, आणि उलट, रानातली वेळ पाहून विनाकारण खचणारेही असतात. १,६०० मीटरची वेळ आठवड्यातून एकदा, आखलेल्या मैदानावर, चार फेऱ्या मोजूनच घ्यावी. शंभर मीटरचा सरावही तेथेच. उघड्या दगडांच्या वाटेवर पूर्ण वेगाने पळणे म्हणजे भरतीच्या तोंडावर घोटा मुरगाळून घेणे.

खेड्यांतून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी आणि सकाळी उपाशीपोटी पळणारी मुले पुष्कळ असतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की पळण्याआधी एक केळे आणि पळून आल्यावर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ एवढे तरी पोटात जाऊ द्यावे. डब्यातल्या पावडरींवर पैसे घालवण्याआधी दोन वेळचे जेवण नीट करावे. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाची) भाकरी आणि उडदाचे वरण यांत प्रथिने कमी नसतात.

आणि वाट सर्वांची आहे. चौघांनी शेजारी शेजारी पळत येऊन म्हाताऱ्या माणसाला काट्यांत ढकलू नये. मागून येताना ‘आप्पा, उजवीकडून जातो’ एवढे मोठ्याने म्हटले तरी पुरते.

एप्रिल-मे महिन्यांत धावणे सुरक्षित आहे का?

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारापासून मिरग लागेपर्यंत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे हे आपल्याला नवे नाही. या काळात सूर्य सहाच्या आतबाहेर उगवतो. साडेसातपर्यंत रानातून बाहेर पडावे. झाडांना पाने नसल्याने सावली मिळत नाही आणि मुरूम तापून खालूनही झळा देतो. सायंकाळी सहानंतर हवा थोडी उतरली तरी जमीन तापलेलीच असते, म्हणून सायंकाळी पळण्यापेक्षा चालावे.

बाहेरगावाहून सुट्टीला आलेल्यांनी विशेष जपावे. शरीराला उन्हाची सवय होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पुण्यात रोज १० किलोमीटर पळणारा पाहुणा पहिल्याच दिवशी येथे तेवढे पळायला गेला, तर त्याची तब्येत बिघडण्याची शक्यता पुष्कळ असते. निघण्याआधी पेलाभर पाणी प्यावे आणि बाटली बरोबर ठेवावी. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेली जलसंजीवनी घ्यावी; चमचा चहाचा धरावा आणि मीठ जास्त घालू नये.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आणि डोके ठणकणे ही थांबण्याची खूण आहे. एखादा असंबद्ध बोलू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. कांद्याचा रस लावत बसण्यात वेळ घालवू नये.

मोर आणि लांडोर खरोखर दिसतात का?

उशिरा, मोठ्याने बोलत आले तर बहुधा नाही. उजाडता उजाडता, दोघे-तिघे मिळून, शांतपणे चालणाऱ्यांना दिसण्याची शक्यता जास्त. विणीचा हंगाम पावसाळ्याच्या आगेमागे असतो, आणि मोराचा पिसारा तेव्हाच भरात असतो. पावसाळ्याच्या अखेरीस तो झडू लागतो आणि ऑक्टोबरात मोर पाहायला आलेल्या मुलांना बिनपिसाऱ्याचा मोर पाहून फसवल्यासारखे वाटते. त्यांना आधीच सांगून ठेवावे.

पक्षी दिसला नाही, तरी त्याची खूण दिसते. वाटेच्या कडेला भुसभुशीत मातीत बशीएवढे किंवा परातीएवढे खोलगट खळगे आढळतात. तित्तर, लावे आणि लांडोर अंगावरचे पिसू-गोचीड घालवण्यासाठी धुळीत लोळतात, त्याचे ते खळगे. काठावर एखादे लहानसे पीस आणि पुढे तीन बोटे उमटलेला पायाचा ठसा असतो. शेजारीच नाण्याएवढे नरसाळ्यासारखे खड्डे दिसले, तर ते वेगळे: त्यांच्या तळाशी मुंगीसिंहाची अळी दबा धरून बसलेली असते. काठावरून एक मुंगी घसरली की अळी खालून माती उडवते आणि मुंगी तळाशी येते. मुलांना बरोबर आणले असेल, तर मोराच्या मागे धावण्यापेक्षा येथे पाच मिनिटे बसवावे.

मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या मागे लागणे, अंडी हाताळणे किंवा जवळून छायाचित्रासाठी त्याला उडवणे यांतले काहीही करू नये. गळलेले पीस जेथे आहे तेथेच राहू द्यावे.

सापांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

भीतीपेक्षा सावधगिरी उपयोगी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप खान्देशात आढळतात. यांतले फुरसे लहान, मातकट आणि दगड-पाचोळ्यात सहज मिसळणारे असल्याने त्याच्यावर पाय पडण्याचा धोका जास्त असतो; डिवचले की ते अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. धामण मात्र बिनविषारी आहे, लांबलचक आहे आणि उंदीर खाते, तरी सर्वाधिक मार तिलाच बसतो.

वाट सोडून गवतात जाऊ नये, दगड उलटे करू नयेत, पाय दिसेल एवढ्या उजेडातच फिरावे आणि बसण्याआधी जागा पाहावी. साप दिसला तर थांबून त्याला जाऊ द्यावे. दंश झाल्यास ब्लेडने कापणे, चोखणे, दोरीने आवळून बांधणे आणि मांत्रिकाकडे नेणे हे चारही प्रकार घातक आहेत. दंश झालेला हात किंवा पाय न हलवता ठेवावा, अंगठी, पैंजण, घड्याळ काढावे, माणसाला चालवत नेऊ नये आणि थेट शासकीय रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते.

बिबट्या येतो का?

जळगाव जिल्ह्यात सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत बिबटे आहेत, आणि ऊस-केळीच्या शेतांतून ते लांबवर फिरतात. म्हणून पहाटेच्या अंधारात एकट्याने येऊ नये आणि लहान मुलांना पुढे पळू देऊ नये. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये. उभे राहून, हात वर करून, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरावे. ठसे दिसल्याची बातमी मोबाइलवर पसरवण्याआधी वनरक्षकाला दाखवावी, कारण कुत्र्याच्या ठशांतही बिबट्या दिसतो. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्याच्या सहसा उमटत नाहीत.

मधमाश्यांचे मोठे पोळे दिसले तर?

आग्या मोहोळ असेल तर त्याखाली थांबू नये, दगड मारू नये, धूर करू नये आणि उग्र अत्तर लावून रानात येऊ नये. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळावे आणि गाडीत किंवा खोलीत शिरावे. पाण्यात उडी मारून उपयोग होत नाही. माश्या वर घिरट्या घालत राहतात.

बोरे, सीताफळे, डिंक, पळसाची फुले नेता येतात का?

नेऊ नयेत. ज्या झाडाखाली आपण पिशवी भरतो, तेथे दुपारी पक्षी, कोल्हे आणि मुंगसे येणार असतात. बाभळीच्या किंवा धावड्याच्या सालीला डिंकासाठी खाचा पाडणे तर झाडाला थेट इजा करणे आहे. धुळवडीच्या रंगासाठी पळसाची फुले हवी असतील, तर शेताच्या बांधावर आणि रस्त्याकडेला ती ढिगाने पडलेली असतात.

अखाजीला झाडाला झोका बांधता येईल का?

खान्देशात अखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण आणि झोक्याशिवाय तो पुरा होत नाही, हे खरे. तरी रानात बांधू नये. दोराच्या घर्षणाने फांदीची साल सोलली जाते, आणि ऐन वैशाखात पाण्याअभावी थकलेल्या झाडाची ती जखम लवकर भरत नाही. गावातल्या जुन्या निंबाची गोष्ट वेगळी, त्याला माणसांची आणि झोक्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते.

पक्ष्यांना-माकडांना खाऊ घालावा का? केळीची साल टाकली तर चालते ना?

दोन्हींचे उत्तर नाही. जळगावात असल्याने धावून झाल्यावर केळे खाणे ओघाने आलेच, आणि साल कुजते म्हणून ती झाडीत भिरकावली जाते. पण शेतातल्या फळाच्या सालीवर फवारलेली औषधे असू शकतात, वासाने उंदीर-घुशी येतात, त्यांच्यामागे साप येतात, आणि ज्या वाटेवर आपण पळतो तीच त्यांची वाट होते. साल पिशवीत घालून घरी न्यावी. बिस्किटे आणि फरसाण यांची गोष्टच काढू नये. एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पाण्यासाठी पुन्हा भरता येईल अशी बाटली आणावी.

कुत्रा आणता येईल का?

नाही आणू. जमिनीवर घरटी करणाऱ्या तित्तर-लाव्यांना साखळीतला कुत्राही पुरेसा त्रासदायक ठरतो.

गाणी लावून चालावे का? रील किंवा लग्नापूर्वीचे फोटो काढता येतात का?

मोबाइलच्या स्पीकरवर भजने असोत की सिनेमाची गाणी, रानात दोन्ही सारखीच. कानात यंत्र घालून पळणाऱ्यांनी एक कान मोकळा ठेवावा. साध्या छायाचित्रांना कोणी अडवत नाही, पण कॅमेऱ्यांचा ताफा, कपडे बदलण्याचे तंबू, रंगीत धूर आणि ड्रोन यांसाठी वनविभागाची परवानगी लागते. रंगीत धुराला ती मिळू नये असे माझे मत आहे.

ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले येऊ शकतात का?

अवश्य. ज्येष्ठांनी काठी आणावी, उताराच्या वाटेवर पावले लहान टाकावीत आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोळी ठेवावी. कोणत्या वाटेने जाणार ते सोबत्याला सांगून निघावे. शाळेची सहल आणायची असल्यास वनविभागाला आधी कळवावे आणि मुलांचे लहान गट करावेत. शंभर मुलांच्या रांगेला एकही पक्षी दिसत नाही.

महिलांनी एकट्याने यावे का?

सकाळी उजाडल्यावर, वर्दळीच्या वेळी आणि मुख्य वाटेवर पुष्कळ महिला येतात. तरीही दोघी-तिघींनी मिळून येणे सोयीचे. आपले स्थान घरच्या कोणाला तरी मोबाइलवरून कळवत राहावे आणि गरज पडल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा.

वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या तर?

मे-जूनमधील दुपारी-सायंकाळी आभाळ अचानक भरून येते. एकट्या उंच झाडाखाली उभे राहू नये, तारेच्या कुंपणाला हात लावू नये आणि जवळच्या पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे सरकारी ॲप मोबाइलवर घेऊन ठेवावे.

येथे सवय झाली. खान्देशात अशी आणखी कोणती ठिकाणे आहेत?

धुळेकरांना शहराजवळ मुंबई-आग्रा महामार्गालगतचे लळिंग कुरण आहे. वर लळिंगचा किल्ला आहे आणि पावसाळ्यात गवताचा सगळा डोंगर हिरवा होतो. चाळीसगावजवळ पाटणादेवी हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे. तेथे मंदिरापासून केदारकुंड धबधब्याकडे जाणारी वाट जंगलातून जाते, आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाची माहिती देणारा इ.स. १२०७ चा शिलालेखही त्याच परिसरातला. रावेर तालुक्यातील पाल हे यावल अभयारण्यातले सुकी नदीकाठचे गाव असून तेथे अंजनाची आणि सागाची खरी झाडी पाहायला मिळते. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ त्याहून उंच, यशवंत तलावाभोवती, आणि थंडीत पहाटे धावायला फार सुंदर.

अभयारण्यांत मात्र लांडोरखोरीसारखे बूट घालून थेट निघता येत नाही. नाक्यावर नोंद करावी लागते, सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, ठरलेल्या वाटेबाहेर वाटाड्याशिवाय जाऊ नये, आणि पावसाळ्यात धबधब्याकडे जाणाऱ्या वाटा बंद ठेवल्या जातात. निघण्याआधी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.